ऑनलाइन की वर्गात? आधी एसटीचं वेळापत्रक बघ

भाऊ, पहिल्याच सत्रात सगळं ऑनलाइन घ्यायची घाई नको. 'स्वयम'वर, म्हणजे केंद्र सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर, शिकणं फुकट आहे. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) 2021 मध्ये सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत विषय तिथून करायची मुभाही दिली. पण आपलं कॉलेज त्यातले कोणते धरतं, ते ऑफिसात आधी विचार. परीक्षेची फी वेगळी लागते.

थिअरी मोबाइलवर चालते. रात्री लाइन आली की व्हिडिओ उतरवून ठेव, कापूस वेचणीच्या दिवसांत धुऱ्यावर बसून ऐकता येतात. मी तसंच केलं. प्रॅक्टिकल मात्र तसं होत नाही बाप्पा. केमिस्ट्रीच्या टायट्रेशनमध्ये, म्हणजे एका द्रावणात दुसरं थेंब थेंब सोडून मोजताना, एक थेंब जास्त पडला की फिका गुलाबी रंग कसा गडद होतो, ते ब्युरेटची, म्हणजे थेंब सोडायच्या काचेच्या नळीची, तोटी हातात आल्यावरच कळलं. प्रॅक्टिकलच्या दिवशी सकाळची एसटी चुकवू नको.