दुसरे साक्षीदार संध्याकाळी आले तर चालतं का?

प्रश्न: नमस्कार सर, आम्ही कोथरूडला राहतो. बाबांनी २०१९ मध्ये मृत्युपत्र केलं, साध्या कागदावर टाइप करून, रजिस्टर नाही केलं. सकाळी समोरच्या फ्लॅटमधल्या काकांना बोलावून त्यांच्यासमोर सही केली आणि काकांनी साक्षीदार म्हणून सही केली. दुसरे साक्षीदार म्हणजे बाबांचे बँकेतले मित्र, ते त्या दिवशी हिंजवडीला मुलाकडे गेलेले म्हणून संध्याकाळी आले. बाबांनी त्यांना कागद दाखवला, "ही माझीच सही, आता तू साक्षीला कर" म्हणाले आणि त्यांनी तिथेच बसून केली. बाबा मागच्या वर्षी गेले. मृत्युपत्रात फ्लॅट आई आणि माझ्या नावाने केलाय म्हणून भाऊ म्हणतोय की या मृत्युपत्राचं "साक्षांकन" झालेलंच नाही, नोटरीचा शिक्का नाही आणि दोन्ही साक्षीदार एकत्र नव्हते. साक्षांकन म्हणजे नक्की काय? बँकेतले काका २०२२ मध्ये वारले, त्याने काही फरक पडतो का? शिवाय समोरच्या काकांना बाबांनी त्यांचं जुनं घड्याळ दिलंय, ते चालतं ना?

उत्तर: ताई, तुमच्या भावाचा गोंधळ समजू शकतो, कारण आपण सगळे लहानपणापासून साक्षांकित किंवा अटेस्टेड म्हणजे झेरॉक्सवर गॅझेटेड ऑफिसरचा गोल शिक्का असंच समजत आलो, ॲडमिशनच्या वेळी कोणाच्या तरी ओळखीच्या ऑफिसरकडे मार्कशीटचा गठ्ठा घेऊन जायचं आणि त्याने न बघता सह्या ठोकायच्या. तो प्रकार वेगळा. तिथे कागद मूळ कागदासारखा आहे एवढंच कोणीतरी सांगत असतं. मृत्युपत्राच्या साक्षांकनात साक्षीदार कागदाबद्दल काही बोलतच नाही, तो माणसाबद्दल बोलतो, की या माणसाने ही सही केली, किंवा ही सही माझी आहे असं त्याने मला स्वतःच्या तोंडाने सांगितलं, आणि त्याच्या डोळ्यांदेखत मी माझी सही केली. आत काय लिहिलंय, फ्लॅट कोणाला, एफडी कोणाला, हे साक्षीदाराला माहीत असायचीसुद्धा गरज नाही. पुष्कळ लोक साक्षीदाराला वाचायला लागू नये म्हणून वरचा भाग कागदाने झाकून सही घेतात, त्यात बेकायदा काही नाही, दिसायला जरा विचित्र दिसतं इतकंच.

कायदा म्हणजे भारतीय उत्तराधिकार अधिनियम १९२५, त्याचं कलम ६३. त्यात मृत्युपत्र करणाऱ्याची सही किंवा निशाणी हवी (अंगठा चालतो, जुन्या मोडी कागदांवर शेतकरी नांगराची निशाणी करायचे तीच कल्पना), आणि किमान दोन साक्षीदार हवेत. त्या प्रत्येकाने सही होताना बघितलेली असावी किंवा करणाऱ्याकडून स्वतः कबुली घेतलेली असावी, आणि प्रत्येकाने करणाऱ्याच्या समक्ष सही करावी. आणि आता तुमच्या कामाचं वाक्य, दोघे एकाच वेळी हजर असलेच पाहिजेत असं नाही, हे त्याच कलमात स्पष्ट लिहिलंय. म्हणजे तुम्ही सांगताय तसंच घडलं असेल तर सकाळचे काका बघणारे आणि संध्याकाळचे काका कबुली घेणारे, दोन्ही चालतात. बाबांनी "ही माझीच सही" म्हटलं तीच ती कबुली. नोटरी लागत नाही, स्टॅम्प पेपर लागत नाही, रजिस्ट्रेशनसुद्धा ऐच्छिक आहे (नोंदणी अधिनियम १९०८, कलम १८). भावाचे दोन्ही मुद्दे इथे संपतात.

पण कोर्टात साक्षांकन म्हणजे अजून एक गोष्ट बघतात, तिला वकील लोक लॅटिनमध्ये ॲनिमस अटेस्टँडी म्हणतात, साध्या भाषेत साक्षीला म्हणूनच सही करण्याचा हेतू. कागद टाइप करणाऱ्याने खाली सही केली, वकिलाने मसुदा मी केला म्हणून सही केली, दुय्यम निबंधकाने नोंदणी केली म्हणून सही केली, या सह्या आपोआप साक्षीदाराच्या होत नाहीत. रजिस्टर केलेल्या मृत्युपत्राबद्दल लोक फार बिनधास्त असतात, सरकारी शिक्का आहे ना आता कोण काय करणार, पण तिथेही दोन साक्षीदार लागतातच आणि वाद झाला की त्यांच्यापैकी कोणाला तरी कोर्टात यावं लागतंच.

आता घड्याळ. तुम्ही नावावरून हिंदू दिसताय म्हणून सांगतो, साक्षीदाराला किंवा त्याच्या नवराबायकोला दिलेली देणगी रद्द होते असं जे कलम ६७ आहे ते हिंदूंच्या मृत्युपत्राला लावलेलंच नाही. कॅम्पातल्या एखाद्या पारशी किंवा ख्रिश्चन कुटुंबात हेच झालं असतं तर मृत्युपत्र टिकलं असतं पण घड्याळ काकांना मिळालं नसतं. तुमच्याकडे घड्याळ मिळेल, फक्त भावाचा वकील उलटतपासात विचारणारच, "तुम्हाला यातून काय मिळालं?" एका जुन्या घड्याळासाठी कोणी खोटी साक्ष देत नाही हे जज साहेबांनाही कळतं, पण उद्या कोणी साक्षीदाराला दुकानाचा गाळा दिला तर मात्र ते संशयाचं कारण ठरतं.

खरी अडचण दुसरीकडेच आहे आणि बँकेतले काका वारले त्याने काही फरक पडतो का, असं तुम्ही ती सहज विचारलीत. मृत्युपत्र वैध असणं वेगळं आणि ते कोर्टात सिद्ध करणं वेगळं. १ जुलै २०२४ पासून पुराव्याचा नवा कायदा आला, भारतीय साक्ष्य अधिनियम, त्यातही नेमका ६७ नंबरच आलाय (आधी १८७२ च्या कायद्यात ते ६८ होतं, आमच्यासारख्यांची पाठांतरं सगळी वाया गेली), आणि तो म्हणतो की साक्षीदार हयात असेल आणि येऊ शकत असेल तर किमान एकाला तरी कोर्टात उभं करा. एक पुरतो. पण सुप्रीम कोर्टाने जानकी नारायण भोईर या प्रकरणात (२००३ मध्ये छापून आलेला निकाल, तोही आपल्याच महाराष्ट्रातला) सांगितलंय की त्या एकाने दुसऱ्या साक्षीदाराचं साक्षांकनही सिद्ध केलं पाहिजे. आता बघा, समोरचे काका सकाळचं शपथेवर सांगतील, पण संध्याकाळी ते तिथे नव्हतेच, मग ते बँकेतल्या काकांच्या सहीबद्दल काय सांगणार? म्हणूनच मी सगळ्यांना सांगतो की कायदा काही म्हणो, दोघांना एकाच वेळी बोलवा, चहा करा, तिघांनी एकाच पेनने सह्या करा. आणि साक्षीदार आपल्यापेक्षा दहापंधरा वर्षांनी तरुण बघा. सारसबागेतल्या सकाळच्या ग्रुपमधले ऐंशीचे मित्र एकमेकांच्या मृत्युपत्रावर साक्षीदार असतात, आणि मग गरज पडते तेव्हा कोणीच शिल्लक नसतं.

तुमच्या बाबतीत सगळं हातातून गेलंय असं अजिबात नाही. त्या निकालात एक मोठी गोष्ट होती की दुसरा साक्षीदार हयात आणि उपलब्ध असूनही त्याला बोलावलंच नव्हतं. तुमचे दुसरे साक्षीदार वारलेत, त्यामुळे तुमची परिस्थिती वेगळी आहे हे तुमचे वकील मांडू शकतात, आणि साक्षीदाराला आठवत नसेल किंवा तो नाकारत असेल तर इतर पुराव्याने सिद्ध करायची सोयही कायद्यात आहे. तेव्हा आत्ताच तीन कामं करा. बँकेतल्या काकांचा मृत्यूचा दाखला त्यांच्या मुलाकडून घ्या. त्यांची सही असलेले जुने कागद, पासबुकावरची नोंद, पत्र, काहीही मिळतंय का बघा आणि ती सही ओळखणारा त्यांचा एखादा सहकारी शोधा. आणि तिसरं म्हणजे त्या संध्याकाळी घरात कोण कोण होतं ते आठवा. तुम्ही आणि आई तर असालच, तुम्हाला फ्लॅट मिळतोय म्हणून तुमची साक्ष बाद होत नाही, फक्त ती जास्त बारकाईने तपासली जाईल. पण त्या वेळी शेजारचं कोणी, कामवाल्या मावशी, कोणी पाहुणे आले होते का, ज्यांना यातून काहीच मिळत नाही आणि ज्यांनी बाबांना "ही माझीच सही" म्हणताना ऐकलंय? तसं कोणी असेल तर त्यांचं नाव पुढच्या पत्रात नाही, थेट तुमच्या वकिलाला सांगा, आणि समोरच्या काकांची तब्येत कशी आहे तेही सांगा, कारण उद्या ते आजारी पडले किंवा कुठे लांब गेले तर पंचाईत, त्याआधी त्यांची साक्ष उरकायला हवी.