सिंगापूर क्रूझ, ४ रात्री, सोबत सत्तरीचे आई-बाबा: फक्त केबिन बॅगेत भागेल का?

हो, भागतं. आणि वयस्कर माणसं सोबत आहेत म्हणून तर मी जास्त जोर देऊन सांगेन की मोठ्या बॅगा नेऊच नका.

तुम्ही लिहिलंय की बडोद्याला राहता, अहमदाबादहून रात्रीची फ्लाईट आहे, सिंगापूरला एक मुक्काम आणि मग ४ रात्री जहाजावर, आईंचे गुडघे दुखतात, बाबांना शुगर आहे, आणि आई म्हणतायत दोन मोठ्या बॅगा तरी लागणारच, फॉर्मल नाईटला, म्हणजे जहाजावर जेवणाला ठेवणीतले कपडे घालायच्या रात्री, काय नेसायचं. मी पण बडोद्याचीच, दांडिया बाजारातली, आणि सासूबाईंना घेऊन अशीच केबिन बॅगेवर क्रूझ करून आलेय, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणजे क्रूझला सामान कमीच लागतं, बाकी कुठल्याही ट्रिपपेक्षा कमी. एकदा केबिनमध्ये शिरलात की खोली बदलायची नाही, टॉवेल, साबण, शाम्पू, हेअर ड्रायर सगळं तिथे असतं, नाश्ता-जेवण-चहा तिथेच. मोठ्या बॅगेचा त्रास होतो तो पहिल्या आणि शेवटच्या दिवशी. चढताना मोठ्या बॅगा टर्मिनलवर पोर्टरकडे द्यायच्या असतात, टॅग लावून त्या मागाहून तुमच्या केबिनच्या दाराशी येतात, कधी दुपारी तर कधी पार संध्याकाळी, तोवर औषधं त्यात राहिली असली की झाली पंचाईत. उतरायच्या आदल्या रात्री उलटं, बॅगा भरून दाराबाहेर ठेवायच्या आणि सकाळी टर्मिनलच्या हॉलमध्ये एकसारख्या दिसणाऱ्या शेकडो बॅगांतून आपली शोधायची, गुडघे दुखणाऱ्या बाईला तिथे उभं करायचं कशाला. स्वतःची बॅग स्वतः घेऊन उतरणाऱ्यांना बहुतेक जहाजांवर लवकर सोडतात, आदल्या दिवशी रिसेप्शनला विचारून ठेवा. केबिन पण साधारण १६०-१८० चौरस फुटांची, त्यात तीन माणसं आणि मोठ्या बॅगा म्हटल्यावर रात्री बाथरूमला जाताना आई-बाबा अडखळणार. लहान बॅग पलंगाखाली सरकते आणि जमीन मोकळी राहते. मला सगळ्यात जास्त महत्त्वाचं हेच वाटतं.

आता वजन. आपल्याकडच्या बहुतेक एअरलाईन्स आणि सिंगापूर एअरलाईन्स पण इकॉनॉमीत ७ किलोची एक केबिन बॅग देतात, लांबी-रुंदी-उंची मिळून ११५ सेंटीमीटर, आणि वर एक छोटी पर्स किंवा खांद्याची बॅग. तुमच्या तिकिटावर काय लिहिलंय ते बघाच, पण ७ धरून चाला. ह्यात बहुतेकांचं गणित बॅगेतच फसतं, कारण कडक कवचाची चार चाकांची ट्रॉली रिकामीच अडीच-तीन किलोची असते, म्हणजे कपडे भरायच्या आधीच निम्मं संपत आलं. आई-बाबांना चाकं हवीतच, उचलायला लावू नका, पण त्यांच्यासाठी कापडी, दोन चाकांची, दोन किलोच्या आत बसणारी बघा. तुम्ही स्वतः पाठीवरची सॅक घ्या, ती एक किलोच्या आसपास असते, आणि सगळ्यांच्या कॉमन वस्तू, म्हणजे चार्जर, टूथपेस्ट, छत्री, कागदपत्रांच्या झेरॉक्स, तुमच्या सॅकमध्ये टाका. तीन माणसांना तीन टूथपेस्ट, तीन तेलाच्या बाटल्या असं आपल्याकडे हमखास होतं. घरचा वजनकाटा असेल तर आधी नुसते उभे राहा, मग बॅग घेऊन, फरक काढा झालं.

फॉर्मल नाईटची एवढी धास्ती का घेतात मला कळत नाही, कारण ह्या बाबतीत आपल्या बायकांइतकं सोपं कोणालाच नाहीये. साडीसारखं हलकं, सपाट घडीचं आणि भारदस्त दिसणारं दुसरं काही नाही, गाऊन, कोट, त्यावरचे बूट असं काही लागतच नाही. फक्त कांजीवरम किंवा जड पैठणी नको, एकेक साडी पाऊण-एक किलोची होते. जॉर्जेटची बांधणी न्या. बांधणीला मुळातच चुण्या असतात, इस्त्रीचा प्रश्नच नाही, आणि जहाजावर स्वतःची इस्त्री चालत नाही बरं का, आगीच्या भीतीने काढून घेतात. आईंकडे बडोद्यात राहून एक तरी जॉर्जेटची बांधणी असेलच. दोन साड्या नेल्यात तर दोन्हींवर चालेल असा एकच काळा नाहीतर सोनेरी ब्लाऊज आणि एकच गडद परकर. बाबांना कुर्ता-पायजमा आणि बंडी, आपला पोशाख फॉर्मल म्हणून चालतो, बंडी घडी न करता प्रवासात अंगावरच घालू द्या, विमानात एसी असतोच. आणि हे सगळं नकोसं झालं तर त्या रात्री बुफेत जाऊन जेवा, तिथे साध्या नीटनेटक्या कपड्यांत चालतं, कोणी काही म्हणत नाही.

बाकी कपडे म्हणाल तर अंगावरचा एक जोड धरून दिवसाचे तीन जोड पुरे, रात्रीचा एक, आतले कपडे थोडे जास्त. सिंगापूर आणि त्या पट्ट्यात बाराही महिने उकाडा, तापमान ३०-३२ च्या आसपास आणि दमट हवा, त्यामुळे बाहेर सुती पातळ कपडे, पण जहाजाच्या आत, खास करून डायनिंग हॉल आणि थिएटरमध्ये, एसीचा गारठा असतो आणि म्हाताऱ्या माणसांना तो बाधतो. म्हणून प्रत्येकाला एक शाल किंवा मोठा स्टोल हवाच, तोच विमानात पांघरायला, तोच बंदरावर उतरून एखाद्या देवळात-मशिदीत खांदे झाकायला. जीन्स नको, एक जीन्स जवळजवळ पाऊण किलो आणि धुतली तर वाळत नाही. पातळ टेरिकॉट मिक्सचे कपडे रात्री धुवायचे, कोरड्या टॉवेलात गुंडाळून दाबून पिळायचे आणि बाथरूममध्ये वाळत घालायचे, बऱ्याच केबिनच्या शॉवरमध्ये ओढून काढायची दोरी असते. सकाळपर्यंत वाळतात. केबिनच्या भिंती लोखंडी पत्र्याच्या असतात, तर चार मॅग्नेटचे हूक नेलेत तर टोप्या, पिशव्या, स्टोल सगळं भिंतीवर. पूलमध्ये उतरायचं असेल तर नायलॉनचे लेगिंग्ज आणि टीशर्ट, सुती सलवार-कमीजवर सहसा उतरू देत नाहीत. चपला दोनच, बूट घालून निघायचं आणि पट्ट्याच्या सपाट सँडल बॅगेत, दोन्ही जुन्या, सवयीच्या. डेक ओला असतो, नुसत्या स्लीपर नकोत.

आता खरा जडपणा कुठे असतो ते सांगते, तो खाण्याच्या डब्यात असतो. थेपले, खाखरे, लीलो चेवडो, भाखरवडी, लोणचं, तूप, मेतकूट, घराघरात हेच, आणि आई त्यावरूनच भांडतील. त्यांना सांगा की घरी केलेलं खाणं बरीचशी जहाजं वर चढवूच देत नाहीत, कंपनीचं सीलबंद कोरडं पाकीट तेवढं चालतं. सिंगापूरहून सुटणाऱ्या जहाजांवर आपले लोक भरपूर असतात, गेंटिंग ड्रीमसारख्या जहाजावर व्हेज आणि जैन जेवण मिळतं, तुमचं जहाज कुठलं ते लिहिलं नाहीये, पण बुकिंगच्या वेळीच कळवून टाका. बाबांना मधेच शुगर लो होते म्हणून एक-दोन सीलबंद बिस्किटांचे पुडे आणि आलेपाकाच्या वड्या ठेवा, बस. दिवाळीच्या सुट्टीत जात असाल तर अनारसे घरीच ठेवा, कारण खसखस सिंगापूरमध्ये बंदी असलेल्या मालात मोडते. तंबाखू, गुटखा, ई-सिगारेट, च्युइंगम ह्यातलंही काही कोणाच्या खिशात राहू देऊ नका, तिथे हे फार कडक आहे. बाबांना सुपारीची सवय असेल तर अडकित्ता केबिन बॅगेत चालणार नाही, सुपारी कातरूनच न्या.

पूजेचं पण विचारलंय तुम्ही. कापूर, अगरबत्ती, काडेपेटी, निरांजन काही नको, विमानात कापूर-काडेपेटी चालत नाही आणि जहाजावर केबिनमध्ये काहीही पेटवायला सक्त मनाई असते, स्मोक अलार्म लगेच वाजतो. देवाचा छोटा फोटो आणि स्तोत्राची पोथी न्या, सासूबाई रोज सकाळी बाल्कनीत समुद्राकडे तोंड करून बसायच्या आणि त्यांना काही कमी वाटलं नाही.

औषधांच्या बाबतीत मात्र जराही कंजूषपणा करू नका. कपडे कमी करा पण गोळ्या दुप्पट दिवसांच्या घ्या, मूळ स्ट्रिपमध्ये, डॉक्टरांच्या प्रिस्क्रिप्शनसकट, आणि निम्म्या आईंच्या पर्समध्ये, निम्म्या तुमच्या सॅकमध्ये. बाबा इन्सुलिन घेत असतील तर ते नेहमी हातातच, केबिन बॅगेतच, डॉक्टरांचं पत्र जोडून. जहाजावर दवाखाना असतो पण बिल जबरदस्त येतं, त्यामुळे ट्रॅव्हल इन्शुरन्स घ्याच आणि त्याची प्रत जवळ ठेवा. उलटीची गोळी नेण्याआधी तुमच्या डॉक्टरांना विचारा, वयस्कर माणसांना त्यातल्या काहींनी फार गुंगी येते आणि हलत्या जहाजावर गुंगीत चालणं बरं नाही. व्हीलचेअर लागत असेल तर एअरलाईन आणि क्रूझ दोघांनाही आधीच सांगा.

पातळ वस्तूंचा नियम पाठच करा, इंटरनॅशनल फ्लाईटला प्रत्येक बाटली १०० मिलीची किंवा त्याहून लहान, आणि सगळ्या मिळून माणशी एका लिटरच्या पारदर्शक पिशवीत. बाटलीवर छापलेला आकडा धरतात, आत किती उरलंय ते नाही, म्हणजे २०० मिलीच्या ट्यूबमध्ये तळाला राहिलेली क्रीम पण जाते. खोबरेल, बाम, पेस्ट, तूप, लोणचं हे सगळं पातळातच मोडतं. गुडघ्याला लावायचं तेल छोट्या बाटलीत काढून घ्या.

चार्जरचं थोडक्यात. पॉवर बँक केबिन बॅगेतच लागते, चेक-इनला चालत नाही, १०० वॉट-अवरच्या आतली, २०,००० एमएएचची साधारण ७४ होते म्हणजे बिनधास्त. काही एअरलाईन्स विमानात ती वापरू देत नाहीत. सिंगापूरच्या हॉटेलला तीन चपट्या पिनांचं सॉकेट, जहाजावर सहसा अमेरिकन दोन चपट्या पिनांचं आणि युरोपियन दोन गोल पिनांचं, आपला मोबाईलचा दोन पिनांचा चार्जर त्या गोलात बसतो. एक युनिव्हर्सल अडाप्टर आणि एक तीन-चार यूएसबीवाला चार्जर, एक्स्टेंशन बोर्ड नको, तो पण जहाजावर काढून घेतात.

एक गोष्ट, तुमच्या तिकिटात चेक-इन सामान बहुतेक धरलेलंच असणार. ते जाताना वापरू नका, येताना वापरा. आपल्या बडोद्याच्या मंगळबाजारात घडी होऊन मुठीत मावणाऱ्या नायलॉनच्या बॅगा मिळतात, तशी एक सॅकच्या तळाशी टाका. क्रूझवरून उतरल्यावर लिटल इंडियात मुस्तफाला जाणं होणारच, आई नातवंडांसाठी चॉकलेटं आणि बाबा बाम घेणारच, मग ते सगळं त्या बॅगेत भरून खुशाल चेक-इनला द्या, अहमदाबादला उतरल्यावर घरचीच गाडी असते. आईंना हे आत्ताच सांगून ठेवा, येताना पाहिजे तेवढं आणता येईल म्हटल्यावर जाताना कमी न्यायला त्या तयार होतील, आमच्याकडे ह्यावरच वाद मिटला. आणि भरायला निघायच्या दिवशी बसू नका, दोन दिवस आधी सगळ्यांच्या बॅगा भरून आईंना ती ट्रॉली घरात, जिन्याच्या दोन पायऱ्या ओढून बघू द्या. जड वाटली तर त्या स्वतःच काय काढायचं ते सांगतील. जहाजाचं नाव आणि महिना कळवलात तर बंदरावर उतरून काय बघता येईल तेही लिहीन.