शेवटच्या पाटीने काही वाचत नाही

शिवाजी पेठेतल्या एका वाचकाचं पत्र, थोडक्यात: "आम्ही आठ मित्रांनी हॅरी पॉटरच्या दुनियेवर ४२ मिनिटांची मराठी फिल्म केली. हॉगवर्ट्स या जादूच्या शाळेतून पळालेला एक मास्तर पन्हाळ्यावर लपतो, अशी आमचीच गोष्ट. खर्च ९० हजार, त्यातले ३० हजार एका मिसळवाल्यांनी दिले, म्हणून सुरुवातीला त्यांची जाहिरात आहे. शेवटी 'सर्व हक्क मूळ मालकांचे, ही फिल्म केवळ प्रेमापोटी' अशी पाटी टाकली. आता हॉल घेऊन ५० रुपये तिकीट लावायचं चाललंय. आत जावं लागेल का?"

आधी पाटीचं बघू. तिचा उपयोग नाही, झाला तर तोटाच. कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनासाठी आहे: सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड. आणि आम्हाला सगळं माहीत होतं, हे तुम्ही स्वतःच पडद्यावर लिहून ठेवलंय. त्यात २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात आणि जामीन हक्काने मागता येत नाही. लगेच बॅग भरू नका. धंद्याच्या फायद्यासाठी केलेलं नसेल, तर सबळ कारण नोंदवून न्यायालय शिक्षा कमी करू शकतं. पण तिकीट आणि मिसळीची जाहिरात असली, तर ही पळवाट तुम्हीच बुजवलीत.

"गोष्ट आमचीच" हे म्हणणं अर्धंच खरं. आर. जी. आनंद खटल्यात १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की हक्क कल्पनेवर नसतो, तिच्या मांडणीवर असतो. जादूची शाळा ही कल्पना कुणाच्या बापाची नाही. हॉगवर्ट्स मात्र आहे, आणि पुस्तकावरून सिनेमा काढायचा हक्क कलम १४ प्रमाणे मालकाचाच. फुकट दाखवलं म्हणून तो तुमचा होत नाही.

गंमत बघा. हेच तुम्ही तालमीच्या मंडळातर्फे रंगमंचावर, बिनतिकिटाचं केलं असतं, तर कलम ५२ ने तुम्हाला सांभाळून घेतलं असतं. हौशी मंडळाने पैसे न घेता केलेला प्रयोग उल्लंघन धरला जात नाही. गणपतीतला सजीव देखावाही त्याच जातीचा. कॅमेरा लावून फिल्म केली, की ही सवलत संपते.

२००७ साली कोलकात्यात सॉल्ट लेकच्या एका दुर्गापूजा मंडळाने हॉगवर्ट्सचा मंडप उभारला, आणि प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. मंडळ नफा कमवत नाही, हे बघून न्यायालयाने मंडप उतरवायला लावला नाही. इटलीतल्या चाहत्यांनी हॅरी पॉटरमधल्या व्होल्डेमॉर्ट या खलनायकावर फिल्म काढायला लोकवर्गणी सुरू केली, ती मूळ सिनेमे काढणाऱ्या वॉर्नर ब्रदर्सने थांबवली. पुढे बोलणी झाली, नफा न घेण्याच्या अटीवर फिल्म पुरी झाली आणि २०१८ मध्ये यूट्यूबवर आली. दोन्हीकडे पैशाची बाजू बघितली गेली. पण हा मालकाचा आणि न्यायालयाचा मोठेपणा. त्याला हक्क समजू नका. मालक गप्प बसला म्हणजे परवानगी मिळाली असंही नाही. परवाना लेखीच लागतो.

एक गोष्ट तुमच्या ध्यानातच आलेली दिसत नाही. कलम १३ म्हणतं, फिल्मचा मोठा भाग दुसऱ्याच्या हक्काचं उल्लंघन करणारा असेल, तर त्या फिल्मला स्वतःचा कॉपीराइटच मिळत नाही. उद्या कुणी तुमची ४२ मिनिटं उचलून स्वतःच्या चॅनेलवर टाकली, तर कोर्टात जायला तुमच्याकडे काहीच नाही.

तर हॉलचं बुकिंग रद्द करा. मिसळवाल्यांची जाहिरात काढा, आणि त्यांचे ३० हजार परत देण्याचं काहीतरी ठरवा, म्हणजे तेही यात अडकणार नाहीत. मग जरा खटपट करा: हॉगवर्ट्स, छडी फिरवतानाचे ओळखीचे मंत्र, मूळ सिनेमातलं संगीत असेल तर तेही, सगळं बदला. पळून आलेला मास्तर आणि पन्हाळा ठेवा, तो तुमचाच ऐवज आहे. डबिंगचे दोन दिवस आणि काही प्रसंग पुन्हा चित्रित करणं, एवढ्यात भागेल असं पत्रावरून वाटतं. नोटीस आलीच, तर व्हॉट्सअपवर माफीनामा पाठवू नका. कागद घेऊन वकिलाकडे जा.

आणि पन्हाळ्याच्या तीन दरवाजात कॅमेरा लावला असेल, तर त्याआधी पुरातत्त्व खात्याचा परवाना घेतला होता का? ते स्मारक केंद्राच्या संरक्षणाखाली आहे. पत्रात त्याबद्दल एक ओळही नाही. पुन्हा शूटिंग करणारच असाल, तर आधी तो अर्ज करा.