वाचकांच्या शंका : धर्म, अध्यात्म आणि व्याख्यांचा गुंता

या वेळच्या टपालात ठाणे-नवी मुंबईहून आलेली पाच पत्रे एकाच विषयावरची निघाली. पत्रे थोडी कापून छापली आहेत.

प्रश्न : धर्माची व्याख्या शोधायला बसलो, तर प्रत्येक पुस्तकात वेगळी. इतक्या विद्वानांचे एकमत होत नसेल, तर आमच्यासारख्यांनी कोणती बरोबर मानायची?
(निवृत्त वाचक, नौपाडा, ठाणे)

भांडण जुने आहे. जेम्स ल्यूबा या मानसशास्त्रज्ञाने 1912 मध्ये आपल्या पुस्तकाच्या परिशिष्टात धर्माच्या 48 व्याख्या गोळा करून ठेवल्या. त्याच वर्षी समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खाइमचा ग्रंथ आला आणि त्यात आणखी एक व्याख्या होती. दुसरा समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर सावध माणूस. व्याख्या सुरुवातीला देता येणार नाही, जमलीच तर अभ्यासाच्या अखेरीस देता येईल, असे म्हणून त्याने धर्मावर लिहायला घेतले. 1920 मध्ये तो वारला आणि व्याख्या राहूनच गेली!

तरी तीन व्याख्या नीट कळल्या की पुढचे निम्मे वाद आपोआप समजतात. मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड टायलरची 1871ची व्याख्या सर्वांत आटोपशीर : अशरीरी शक्तींवरचा विश्वास म्हणजे धर्म. देव, पितर, भुतेखेते सगळे तिच्यात येतात. दुर्खाइमने तिच्यावर बौद्ध धर्माचे उदाहरण टाकले. तिथला मुक्तीचा मार्ग कोणा देवावर अवलंबून नाही, मग तो धर्म नव्हे काय? त्याने देव बाजूला ठेवला आणि ‘पवित्र’ हा शब्द मध्ये आणला. पवित्र म्हणजे वेगळे राखलेले, ज्याच्याभोवती विधिनिषेधांचे कुंपण आहे ते. अशा गोष्टींविषयीच्या श्रद्धा आणि आचार जेव्हा माणसांना एका नैतिक समुदायात बांधतात, तेव्हा तो धर्म. मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सने 1902 मध्ये समुदायही वगळला होता. माणूस एकटा असताना, त्याला जे दैवी वाटते त्याच्या संबंधात जे अनुभवतो, जे वागतो, ते त्याच्या अभ्यासापुरते धर्म.

पडताळा ठाण्यातच घ्या. टेंभी नाक्याजवळ 1879 मधले सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, आहे. मराठी बोलणारे बेने इस्रायली ज्यू एलियाहू संदेष्ट्याच्या नावाने मलिदा करतात. ताटात भिजवलेले गोड पोहे, खोबरे आणि फळे असतात. टायलरचा शिष्य विचारेल, एलियाहू खरोखर येतो असे तुम्ही मानता का? दुर्खाइमचा विचारेल, ताट कोणत्या प्रसंगी मांडता, सोबत कोण बसते, आधी हात कोण लावते? जेम्सचा विचारेल, त्या वेळी आत काय वाटले? एकाच घरातल्या बाईकडून तिघांना तीन वेगळे अहवाल मिळतील आणि तिन्ही खरे असतील. म्हणून ‘बरोबर कोणती’ हे विचारणे म्हणजे फूटपट्टी खरी की तराजू असे विचारण्यासारखे आहे. आधी मोजायचे काय ते ठरवा.

तत्त्वज्ञ विटगेन्स्टाइनने वापरलेली ‘कुलसाम्या’ची कल्पना (1953) चौथा रस्ता उघडते. एका कुटुंबातल्या सगळ्यांचे नाक सारखे नसते, तरी ती माणसे एका घरची म्हणून ओळखू येतात. धर्मांचा अभ्यासक निनियन स्मार्टने याच अंगाने धर्माचे सात पैलू मांडले : विधी, अनुभव, कथा, सिद्धान्त, नीती-नियम, संस्था आणि मूर्ती-वास्तूंसारख्या भौतिक वस्तू. आमचा कल या रस्त्याकडे आहे. मात्र सातांपैकी किती जुळले म्हणजे धर्म म्हणायचे, याला यादीत उत्तर नाही. शिवाय यादी करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे नमुना म्हणून कोणता धर्म होता, हेही पाहावे लागते. मानववंशशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झच्या 1966च्या गाजलेल्या व्याख्येवर (धर्म म्हणजे प्रतीकांची एक व्यवस्था) त्याच शास्त्रातल्या तलाल असद यांनी नेमका हाच आक्षेप घेतला. प्रतीके आणि मनातला विश्वास यांना अग्रस्थान देणे ही युरोपातल्या आधुनिक ख्रिस्ती इतिहासाची सवय आहे, ती जगभर लावू नका, असे त्यांचे म्हणणे.

प्रश्न : क्रिकेट हा भारतीयांचा धर्म आहे असे म्हणतात. शास्त्रीयदृष्ट्या खरे का?
(महाविद्यालयीन वाचक, कोपरी, ठाणे)

धर्म काय मानतो यापेक्षा काय काम करतो, यावर व्याख्या बेतली की क्रिकेट आत शिरते, पक्षनिष्ठा शिरते, राष्ट्रध्वजही शिरतो. अशा व्याख्यांना कार्यलक्षी म्हणतात. एकत्र येणे, उन्माद, पूज्य माणसे, दरवर्षीचे उत्सव हे सगळे सापडते. पण सगळेच धर्म ठरू लागले, तर शब्दाचा उपयोग काय? उलट टोकाला टायलरची व्याख्या फार लोकांना बाहेर ठेवते. वानखेडेवरच्या गर्दीला धर्म म्हणायचे ते भाषणापुरते.

प्रश्न : मुलाच्या शाळेच्या अर्जावर ‘धर्म’ असा रकाना असतो आणि आपण ‘शेजारधर्म’ही म्हणतो. हा एकच शब्द आहे का? ‘रिलिजन’ आणि ‘धर्म’ यांत नेमका फरक काय?
(एक पालक, ऐरोली)

शब्द एक, कामे दोन. रकान्यातला धर्म म्हणजे ‘तुम्ही कोणत्या गटाचे’. शेजारधर्म, राजधर्म, पुत्रधर्म यांतला धर्म म्हणजे त्या नात्यात काय करणे योग्य. दुसरा अर्थ फार जुना. महाभारत धारण करण्याशी त्याचे नाते जोडते : ‘धारणाद्धर्ममित्याहुः’. जैमिनी मीमांसासूत्रांच्या आरंभीच ‘चोदनालक्षणोऽर्थो धर्मः’ म्हणतात, म्हणजे वेदाच्या विधिवाक्यातून जे हित कळते ते धर्म. वैशेषिकसूत्रांत अभ्युदय (उत्कर्ष) आणि निःश्रेयस (मोक्ष) ज्याने साधते तो धर्म. तिन्ही वाक्यांत देवाचे नाव नाही, श्रद्धेचेही नाही. धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणाऱ्या पां. वा. काणे यांनीही पहिल्या खंडाच्या (1930) आरंभीच सांगून ठेवले, की या शब्दाला नेमका परभाषिक प्रतिशब्द देणे अवघड आहे.

‘रिलिजन’चे मूळ लॅटिन ‘रेलिगिओ’. त्याची व्युत्पत्ती सिसेरो ‘पुन्हा पुन्हा काळजीपूर्वक पाहणे’ अशी लावतो, तर लॅक्टँशियस ‘बांधणे’ अशी. पुढे युरोपात या शब्दाला अनेकवचन मिळाले आणि माणूस एका वेळी एकाच धर्माचा, असा हिशेब सुरू झाला. आपला रकाना तिथून आला. 2011च्या जनगणनेत सहा धर्मांना आकडे ठरलेले होते, बाकीच्यांनी नाव लिहायचे. सुमारे 28.7 लाख लोकांची नोंद ‘धर्म सांगितला नाही’ अशी झाली. यातल्या प्रत्येकाला नास्तिक समजण्याची चूक सर्रास होते. रकाना रिकामा राहण्याची कारणे अनेक असतात.

ऐरोलीकरांना हा फरक वेगळ्या वाटेनेही ओळखीचा असेल. 1957 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात डॉ. आंबेडकरांनी ‘रिलिजन’ आणि ‘धम्म’ यांची फारकत केली. पहिला वैयक्तिक, स्वतःपुरता ठेवायचा. दुसरा मुळातच सामाजिक : माणूस एकटा असेल तर त्याला धम्माची गरज नाही, दोन माणसे आली की आहे. जग कसे निर्माण झाले हे सांगणे रिलिजनचे काम, जगाची पुनर्रचना धम्माचे. जेम्स आणि दुर्खाइम यांच्यातली रेघ इथे पुन्हा दिसते, फक्त बाबासाहेबांनी कोणती बाजू घेतली त्यात संदिग्धता ठेवलेली नाही.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या ठरावानुसार सभागृहात धार्मिक कार्यक्रमांना बंदी आहे. आता काही सभासद ध्यानवर्गासाठी जागा मागतात आणि ‘हे धार्मिक नाही, आध्यात्मिक आहे’ म्हणतात. असा भेद खरोखर करता येतो का?
(सोसायटीचे सचिव, नेरूळ)

करता येतो, पण शब्दांवर विसंबून नाही. ‘अध्यात्म’ म्हणजे मुळात ‘स्वतःच्या संदर्भात’. तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीत संहितेचे (अक्षरांच्या जोडणीचे) पाच अंगांनी वर्णन येते आणि पाचवे अध्यात्म. त्यात काय आहे? खालचा जबडा, वरचा जबडा, वाणी आणि जीभ! शरीरापासून सुरू झालेला शब्द गीतेपर्यंत ‘स्वभावोऽध्यात्ममुच्यते’ इथे पोचतो. विधी, संस्था नको आणि आतला अनुभव तेवढा हवा, हा ‘स्पिरिच्युअल’चा आजचा अर्थ आपण त्यावर अलीकडे चढवला आहे. वारकऱ्याला विचारा, नामस्मरण अध्यात्म की धर्म? त्याला प्रश्नच विचित्र वाटेल.

न्यायालयापुढे हा भेद आला आहे. शिरूर मठ खटल्यात (1954) सर्वोच्च न्यायालयाने धर्माला देव लागतोच असे नाही, हे बौद्ध-जैनांचा दाखला देऊन सांगितले. 1982 मध्ये पुद्दुचेरीजवळच्या ऑरोव्हिल वसाहतीच्या खटल्यात प्रश्न आला : श्रीअरविंदांची शिकवण धर्म आहे का? बहुमताने उत्तर ‘नाही’ असे दिले. न्यायालयाने केवळ शिकवण पाहिली नाही. श्रीअरविंद सोसायटी या संस्थेची घटना, सभासदत्वाच्या अटी, करसवलत मागताना संस्थेने स्वतःविषयी काय सांगितले होते, हे सगळे तपासले. न्या. चिन्नप्पा रेड्डी यांचे मत मात्र वेगळे पडले, म्हणजे पाच न्यायमूर्तींतही एकवाक्यता नव्हती.

तुम्हीही कागद पाहा. वर्गात वंदना किंवा दीक्षा आहे का? गुरूंचा फोटो लागतो का? वर्गणी कोणाकडे जाते? दुसऱ्या धर्माच्या सभासदाला काही न सोडता बसता येते का? त्याहून बरे, ठरावातला ‘धार्मिक’ शब्दच काढा. आवाजाची मर्यादा, वेळ, भाडे, बाहेरच्या लोकांची संख्या आणि धूप-दिवा लावण्याचा नियम लिहा. त्यामुळे उद्याच्या सत्यनारायणाला आणि ध्यानाला एकच मोजमाप लागेल आणि सचिवाला धर्मशास्त्री व्हावे लागणार नाही.

प्रश्न : एम.ए.च्या प्रकल्पासाठी नवी मुंबईतल्या 60 जणांचे सर्वेक्षण करायचे आहे. ‘तुम्ही धार्मिक आहात का?’ याला चतुर्थी पाळणारेही ‘नाही’ म्हणतात. कुठे चुकते?
(विद्यार्थिनी, वाशी)

प्रश्नातच चुकते. मराठीत ‘धार्मिक’ म्हटले की कुणाला सोवळे-ओवळे आठवते, कुणाला कट्टरपणा. उपास करणारी बाई त्याला ‘घरचा रिवाज’ म्हणते. हा शब्द प्रश्नावलीत आणूच नका, निदान शेवटच्या पानापर्यंत.

आधी दोन ओळींची कार्यकारी व्याख्या लिहा आणि तिला पाच-सहा अवघड माणसांवर घासून पाहा : हाजी मलंगच्या दर्ग्याला जाणारा हिंदू, दहा दिवसांचे विपश्यना शिबिर केलेला निरीश्वरवादी, फक्त गावदेवीच्या जत्रेला येणारा दिवाळे गावचा कोळी तरुण, देव न मानता घरात गणपती आणणारा गृहस्थ. कोण आत, कोण बाहेर आणि का, हे लिहून ठेवा. मार्गदर्शक तोंडी परीक्षेत इथेच धरतात.

मग प्रश्न तोडा. समाजशास्त्रज्ञ चार्ल्स ग्लॉकने धार्मिकतेची पाच अंगे सांगितली : श्रद्धा, आचार, अनुभव, ज्ञान आणि रोजच्या वागण्यावरचा परिणाम. ती अमेरिकी ख्रिस्ती समाज समोर ठेवून आखलेली आहेत, जशीच्या तशी उचलू नका. ‘ज्ञान’ ग्रंथवाचनावर मोजलेत तर पन्नास अभंग तोंडपाठ असलेली, पण वाचता न येणारी आजी शून्यावर जाईल. एका प्रश्नात एकच गोष्ट विचारा. ‘देव आणि कर्म मानता का’ याच्या ‘हो’चा अर्थ लावता येत नाही. आचार विचारताना काळ ठरवा, ‘गेल्या 30 दिवसांत किती वेळा’, आणि ‘घरात पूजा होते’ व ‘तुम्ही स्वतः करता’ हे दोन प्रश्न ठेवा. मुलाखतीची तारीख नोंदवा. श्रावणात घेतलेल्या वीस आणि मार्चमधल्या चाळीस मुलाखती एका टोपलीत टाकल्यात तर आकडे फसवतील.

60 जणांआधी दहा जणांवर प्रश्नावली तपासा, आणि हे दहा जण 60 मध्ये मोजू नका. ज्या प्रश्नाला दोघा-तिघांनी ‘म्हणजे काय?’ असे विचारले, तो पुन्हा लिहा. शक्य तिथे सासू आणि सून यांच्याशी वेगवेगळ्या खोलीत बोला.