ओरेगॉनचा किनारा, पहिल्यांदाच आरव्हीने

आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर. ते घेऊन अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याच्या किनाऱ्याने जुलै-ऑगस्टात जायचं ठरवलंत ना, मग आधी गाडी लावून मुक्काम करायची जागा धरा, बाकीचं नंतर. स्टेट पार्कांचं बुकिंग सहा महिने आधी उघडतं आणि किनाऱ्यालगतच्या फुल हुकअपवाल्या (वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी असलेल्या) जागा बघता बघता संपतात. शनिवार-रविवारचा हट्ट सोडा. मधल्या वारी त्यातल्या त्यात मिळते.

किनाऱ्याने जाणारा हायवे 101 उत्तरेकडून दक्षिणेकडे करा. उत्तर टोकाच्या अस्टोरियाहून निघालात की समुद्र उजव्या हाताला राहतो. व्ह्यूपॉइंटला थांबायचं तर समोरची वाहनं चुकवत डावीकडे वळावं लागत नाही, शिवाय उन्हाळ्यातला वायव्येचा वारा बहुतेक वेळ पाठीशी असतो. मोठी गाडी नवीन असताना हा फरक चांगलाच जाणवतो. रोज दोन-तीन तासांच्या वर चालवू नका. घर सोबत घेऊन निघालोय ते काय नुसतं पळवायला?

साइट घेताना गाडी तिथे मावेल ना, यासाठी तिची लांबी स्वतः टेप लावून मोजा, पुढच्या बंपरपासून मागच्या सायकल रॅकच्या टोकापर्यंत. साइटवरची वीज 30 अँपिअर की 50, गाडीला जुळते का, तेही पाहा.

जाड जॅकेट घ्याच. भर उन्हाळ्यात धुकं उतरतं, पाणी तर कायम गारठलेलं. आणि ऑनिंग (गाडीच्या बाजूला उघडणारं कापडी छप्पर) उघडी टाकून कुठे फिरायला जाऊ नका. वाऱ्याने एकदा दांडे वाकले की खर्च मोठा.