आधी आडवा छेद बघा: अनोळखी लाकूड, उपटलेले तंतू आणि चिकट तेल

तुमचे प्रश्न तीन आहेत. पडलेल्या झाडाच्या ओंडक्यातून कातलेल्या 25 सेंटिमीटरच्या वाडग्याचं लाकूड कोणतं, आतून दोनच ठिकाणी लव आल्यासारखा खरखरीतपणा का राहतो, आणि जवसाचं कच्चं तेल लावून आठवडा झाला तरी हाताला चिकट का लागतं. त्याआधी न विचारलेलं एक सांगतो. ओघात तुम्ही लिहिलंय की आतला भाग रफिंग गौजने, म्हणजे ओबडधोबड लाकूड गोल करायच्या पन्हाळीसारख्या छिन्नीने, पोखरला. हे आजपासून बंद. ते हत्यार पाय, मुठी, खांब अशा लांब कामाचं, जिथे तंतू लेथच्या (लाकूड फिरवणाऱ्या कातयंत्राच्या) अक्षाला समांतर असतात. मुठीत जाणारी त्याची शेपटी चपटी आणि पातळ असते. वाडग्यात आडव्या छेदावर, म्हणजे तंतूंची टोकं उघडी पडतात तिथे, पातं अडकलं की ती तिथेच मोडते आणि पातं उडतं. वाडग्याला जाड गोल सळईतून घडवलेलं बाऊल गौजच हवं. वेगाचा अंदाज असा: इंचातला व्यास गुणिले मिनिटाचे फेरे, हा आकडा 6000 ते 9000 मध्ये ठेवा. म्हणजे तुमच्या 10 इंचाला 600 ते 900, आणि ओबडधोबड ओंडका नीट गोल होईपर्यंत त्याहूनही कमी. तोंडावर पूर्ण शील्ड असू द्या.

आता लाकूड. फोटोवरून नाव सांगणारे भेटतील, पण रंगावर माझा विश्वास नाही. फणसाचं ताजं लाकूड पिवळंधमक असतं, उजेडात राहून तपकिरी होतं, आणि तेल लावल्यावर तर सगळीच लाकडं एकमेकांची भावंडं दिसतात. ओळख पटते ती आडव्या छेदावर, म्हणजे ओंडक्याच्या टोकाला दिसणाऱ्या भागावर. उरलेल्या तुकड्याचं टोक नव्या ब्लेडने, एका झटक्यात, नखाएवढं तासा. करवतीने कापलेल्या किंवा सँडपेपर मारलेल्या टोकावर काही दिसत नाही, छिद्रांत भुसा बसतो. किंचित ओलं करा आणि दहापट भिंग डोळ्याला लावून तुकडा जवळ आणा.

पहिला प्रश्न: छिद्रं आहेत का? अजिबात नसतील तर पाईन, देवदार यांच्या जातीचं सूचिपर्णी लाकूड. असतील तर मांडणी बघा. प्रत्येक वार्षिक वलयाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची ओळ आणि पुढे बारीक, अशी रचना साग, ओक, ॲश, तुती यांत मिळते. सगळीकडे विखुरलेली छिद्रं आंबा, शिसव, मेपल, बीच यांत. अक्रोड या दोहोंच्या मध्ये कुठेतरी. मग केंद्राकडून सालीकडे जाणाऱ्या फिकट रेघा बघा, त्यांना मज्जाकिरण म्हणतात. ओकमध्ये त्या इतक्या रुंद असतात की भिंगाचीही गरज नाही. शिरीषात छिद्रांभोवती फिकट वलय असतं. बिबळ्याचा संशय असेल तर गाभ्याचा चिमूटभर भुसा ग्लासभर पाण्यात टाकून ठेवा, उजेडात पाण्याला निळसर झाक येते. वजनही उपयोगी पडतं, पण फक्त सुक्या लाकडाचं. ओल्या लाकडाचं वजन म्हणजे निम्मं पाण्याचं वजन. एवढं करूनही बऱ्याचदा कुळापर्यंतच पोचता येतं. कातकामाला तेवढं पुरतं.

तुमचं लाकूड ओलं होतं हे मात्र तुम्हीच सांगितलंय. वाडगा आता किंचित लंबगोल झालाय ना? ओलावा साधारण 30 टक्क्यांच्या खाली गेला की लाकूड आकसू लागतं, आणि तंतूंच्या दिशेने ते जवळजवळ आकसतच नाही. आडवं आकसतं, त्यातही वलयांच्या कडेने आकसणं केंद्राकडच्या दिशेच्या साधारण दुप्पट. म्हणून लंबगोलाची लांब बाजू म्हणजे तंतूंची दिशा. आता वाडगा हातात घ्या आणि खरखरीत जागा कुठे आहेत बघा. त्या लांब बाजूच्या दोन टोकांच्या आसपासच असणार, कारण तिथेच आडवा छेद उघडा पडतो. प्रत्येक फेऱ्यात हत्यार दोनदा तंतूंच्या उलट जातं. पाठीमागे आधार नसलेले तंतू कापले जाण्याऐवजी वाकतात आणि मुळातून उपटले जातात, सुट्या काड्यांच्या जुडीच्या टोकावर बोथट सुरी फिरवावी तसे.

उपाय सँडपेपरात नाही. खड्डा खोल असतो, तुम्ही वर घासत राहता, मऊ भाग झिजतो आणि वाडगा आणखी वेडावाकडा होतो. बाहेरून तळाकडून काठाकडे कापा, आतून काठाकडून मध्याकडे. म्हणजे प्रत्येक तंतूला मागच्या तंतूचा आधार मिळतो. (तंतू लेथच्या अक्षाला समांतर ठेवून वाडगा कातलात तर दिशा उलटतात.) शेवटच्या कापाआधी धार पुन्हा लावा, थोडी शिल्लक आहे असं वाटलं तरी. बेव्हल, म्हणजे धारेमागचा तिरका घासलेला भाग, लाकडाला टेकलेलं ठेवा आणि अर्ध्या मिलिमीटरहून कमी घ्या. निघणारं सालपट लांब, कुरळं हवं. भुसा पडतोय म्हणजे तुम्ही कापत नाही, खरवडताय. तरी लव राहिलीच तर त्या जागी पातळ लाखेचा हात फिरवा, वाळू द्या, तंतू ताठ झाले की एक हलका काप घ्या. ही युक्ती हट्टी लाकडावरही चालते.

सँडिंग 120 ने सुरू करून 180, 240, 320, मधला एकही नंबर न गाळता. प्रत्येक नंबरानंतर लेथ बंद करून तंतूंच्या दिशेने हाताने दोन हात मारा, गोल ओरखडे त्यानेच जातात. बोटाला चटका बसला तर थांबा. आडव्या छेदावर उष्णतेने केसासारख्या चिरा पडतात आणि त्या तेल लावल्यावरच दिसतात. मास्क न लावता हे करू नका. 1995 पासून लाकडाची धूळ मानवात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या यादीत आहे, आणि शिसवाच्या कुळातली धूळ काहींना त्वचेवर पुरळही आणते.

तेल चिकट राहण्याची कारणं तुमच्या वर्णनातच आहेत: कच्चं तेल, जाड थर, ओलं लाकूड. जवसाचं तेल उडून जाऊन वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. कच्च्याला त्यासाठी आठवडे लागतात. 'बॉइल्ड' म्हणून मिळणाऱ्यात वाळवणारे धातूचे क्षार घातलेले असतात. लाकूड शिसवाच्या कुळातलं निघालं तर आणखी एक अडचण: त्यातली स्वतःची द्रव्यं तेलाला घट्टच होऊ देत नाहीत. तिथे मेण काढलेल्या लाखेचा पातळ थर आधी द्या, वर हवं ते. आडवा छेद जास्त तेल पितो आणि काळपट डाग दिसतात, त्यावरही हाच इलाज. गरम पदार्थ किंवा मद्य ठेवायचं असेल तर मात्र लाख नको, पांढरे डाग पडतात. खोबरेल, शेंगदाण्याचं तेल वाळतच नाही, ते विसरा.

सध्याच्या वाडग्यावरचा चिकटपणा टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसून काढा आणि वाडगा हवेशीर जागी सोडा. आठवड्याला वजन करत राहा. घटायचं थांबलं की लाकूड सुकलं. मग पातळ हात द्या आणि पंधरा-वीस मिनिटांनी उरलेलं तेल कोरड्या फडक्याने पूर्ण पुसून घ्या. पुढच्या ओंडक्याला मधला गाभ्याचा बिंदू काढून टाका, व्यासाचा दहावा भाग जाडी ठेवून ओबडधोबड काता, सुकल्यावर पुन्हा लेथवर घ्या. तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ती तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. बाहेर एकेक करून सपाट पसरा, किंवा पाण्यात बुडवून ठेवा.