एफडी मोडून वकिलीची जाहिरात करावी का?

लातूरहून एका वकील ताईंनी विचारलंय. आठ वर्षांची प्रॅक्टिस, जास्त करून घटस्फोट, पोटगी, वाटणीचे दावे, मिस्टर झेडपीच्या शाळेत शिक्षक. पुण्याची एक मार्केटिंग एजन्सी वर्षभरासाठी महिन्याला २५ हजार मागतेय, गुगलवर जाहिराती, इन्स्टावर रील्स, "आजच्या फॅमिलीसाठी आजचा वकील" वगैरे, आणि त्यासाठी ताई ४ लाखांची एफडी मोडायच्या विचारात आहेत. घरात दुसरी मोकळी रक्कम नाही.

ताई, स्पष्टच सांगतो, मोडू नका.

बार कौन्सिलचा नियम ३६ तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत, पण एजन्सीवाल्यानं तो वाचलेलाच दिसत नाही. वकिलाला जाहिरात करून काम मागता येत नाही, बोर्डवर सुद्धा "घटस्फोट स्पेशालिस्ट" असं लिहिता येत नाही, आणि तक्रार झाली तर ताकीद ते थेट सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, जाण्यापर्यंत काहीही होऊ शकतं. तुमची सगळी कमाई त्या सनदेवर चालते, ती पणाला लावून पक्षकार कामून शोधायचे? २००८ पासून वेबसाइटला परवानगी आहे, तिच्यावर नाव, पत्ता, फोन, ईमेल, सनद नंबर, शिक्षण आणि कुठली कामं करता एवढं टाका, पुरे झालं.

आता नुसता हिशोब बघा. तुम्ही लिहिलंय की एका केसला साधारण ३५ हजार फी मिळते, टायपिंग, ज्युनियर, जाणं-येणं वजा जाता हातात २० राहतात. म्हणजे ३ लाख वसूल व्हायलाच १५ नवीन केसेस पाहिजेत, आणि फी काही एकदम येत नाही, वकीलपत्राला थोडी, मग तारखेगणिक थोडी, काही जण तर शेवटचा हप्ता देतच नाहीत. एजन्सीचे २५ हजार मात्र दर महिन्याला जाणार. त्यात तो माणूस म्हणतोय खर्च टॅक्समध्ये वजा होतो, पण तुम्ही जमा फीच्या ५० टक्के उत्पन्न धरून रिटर्न भरता ना, त्या पद्धतीत वेगळा खर्च वजाच होत नाही, त्यामुळे तो फायदा पण नाही.

तुमचा मूळ विचार मात्र बरोबर आहे, कुटुंबांची रीत बदललीय आणि तुमचं काम वाढणार आहे. माझ्याकडे गुंतवणुकीसाठी येणाऱ्यांमध्येच दिसतं, दुसरं लग्न झालंय, दोन्हीकडची मुलं आहेत, आणि विम्यावर नॉमिनी अजून आईच. नवरा-बायको हिंजवडीत, संसार मोडला आणि मुलगी माहेरी औशाला आली, तिला वाटतं केस पुण्यातच लढावी लागणार, तर २००३ पासून बायको जिथं राहते तिथं अर्ज करता येतो हे तिला कोणी सांगितलेलंच नसतं. सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये स्पष्ट केलं की २००५ साली मुलींना समान हक्क देणारा कायदा आला तेव्हा वडील हयात नसले तरी वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क जन्मापासूनचा, तरी गावोगावी बहिणींच्या हक्कसोडपत्रावर सह्या चालूच आहेत. ही माणसं रील बघून येत नाहीत हो, लातूरसारख्या गावात घरातलं भांडण घेऊन कोणी अनोळखी जाहिरातीला फोन करत नाही, एखादी मैत्रीण सांगते "त्या मॅडम नीट ऐकून घेतात" तेव्हा येतात.

म्हणून पैसा लावायचाच तर ऐकून घेण्यावर लावा. तुमच्या ऑफिसात एकच खोली, बाहेरच्या बाकावर बसलेल्याला आतलं सगळं ऐकू येतं असं तुम्हीच लिहिलंय. मग आलेली बाई सासरचं काय सांगणार? पार्टिशन, दरवाजा, लेकरासाठी एक कोपरा, हे ४०-५० हजारात होईल. मेडिएशनचं, म्हणजे मध्यस्थीचं, ४० तासांचं ट्रेनिंग करून घ्या, सहमतीच्या घटस्फोटात आणि वाटणीत ते लई कामाला येतं. पुणे-मुंबईवाल्यांसाठी रात्री आठनंतर व्हिडिओ कॉलवर सल्ला ठेवा, पहिल्या भेटीची फी ठरवून आधीच सांगा आणि घ्या पण, "फक्त विचारायला आलो होतो" म्हणत तासभर बसून जाणारे तुमचे सगळ्यात मोठे उधारदार आहेत.

हा खर्च एफडीतून नको, चालू फीमधून महिन्याला १० हजार बाजूला टाका, पाच महिन्यांत खोली होईल. एफडी म्हणजे तुमच्या घराचा सहा-सात महिन्यांचा खर्च आहे, कोर्टाला उन्हाळी सुट्टी लागली की तुमची आवक थांबते आणि मिस्टरांच्या पगारातून घराचा हप्ता जातो, तेव्हा तीच उपयोगी पडणार.

एजन्सीला १० हजार टोकन दिलंय म्हणालात. ईमेलवर लेखी परत मागा, नियम ३६ चा उल्लेख करून. नाही मिळाले तर ते १० हजार सोडून द्या, पण "दिलेच आहेत तर" म्हणून पुढचा हप्ता भरू नका.